अण्णांच्या नावावरचा नंबर

“अप्पा, लँडलाइन गेला तर सुतक किती दिवसांचं?”

हा प्रश्न माझ्या टीममधल्या कस्तुरी आणि अनुषानं मला पैजेवर विचारायला लावला. दोघी जिन्यात उभ्या राहून, तोंडावर हात दाबून ऐकत होत्या. गेल्या वर्षीची मी असते तर पळालेच असते. पण यंदा मी शाळेच्या थ्रोबॉल टीमची कॅप्टन आहे, आणि कॅप्टन पळत नाही.

अप्पा हसले नाहीत. त्यांनी मुक्या फोनचा रिसीव्हर उचलला, कानाला लावला, खाली ठेवला. फोन मुका झाल्याचा सतरावा दिवस होता.

“सुतकाची थट्टा नको, निवी.”

आमच्या फोनचं प्रकरण बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून सांगते. आमची भाऊबंदकी कर्नाटकात पिढ्यान् पिढ्या मुरलेली, आता शहरभर, मल्लेश्वरमपासून सर्जापूर रोडपर्यंत विखुरलेली बावीस घरं. कुणाकडे बाळ आलं किंवा कुणी गेलं, की पहिला फोन आमच्याकडे. मग आम्ही बाकीच्या सगळ्यांना कळवायचं आणि सगळ्यांनी सोयर-सुतक पाळायचं. आजोबांपासूनची पद्धत. मध्ये व्हॉट्सअॅप ग्रुप काढून पाहिला. पण ज्याच्या घरी आठवड्यावर मुंज, तो मेसेज उघडतच नाही! फोनवर मात्र एकदा कानांनी ऐकलं की सुटका नाही.

जुनी वायर खरखरायला लागली, तेव्हा नव्या फायबर कंपनीचा सेल्समन दारात येऊन म्हणाला, “सेम नंबर राहील सर, नो प्रॉब्लेम.” नवी लाइन आली. इंटरनेट सुसाट. नंबर मात्र दोन कंपन्यांच्या मध्ये कुठेतरी अडकला. बाहेरून लावलं तर रिंग जाते, आमच्याकडे वाजत नाही. समोरच्याला वाटतं, घरात बसून उचलत नाहीत.

त्यात फोन तपासायला नव्या कंपनीचा माणूस “दहा ते सहा, केव्हाही” येणार. दाराला कुलूप दिसलं तर तक्रार बंद, पुन्हा पहिल्यापासून सुरू. पहिले काही दिवस अप्पांनी रजा काढली. मग माझी दसऱ्याची सुट्टी लागली आणि पहाऱ्यावर मी! आठ दिवस मी दूध आणायलासुद्धा खाली उतरले नाही. माणसाला फोन केला की तो मारतहळ्ळीच्या ट्रॅफिकमध्ये असायचा. सकाळीही तिथेच, संध्याकाळीही तिथेच. खिडकीतून ग्राउंडवरचा आरडाओरडा ऐकू यायचा आणि माझे हात शिवशिवायचे.

सोमवारी हासनला निवड शिबिर होतं. राज्याची टीम तिथूनच निवडणार होते. अप्पांचं एकच, “नंबर येऊ दे, मग जा. घरी कोण बसणार?”

गुरुवारी माझं डोकं फिरलं. नव्या कंपनीला फोन लावला. ते म्हणाले, जुनी कंपनी नंबर सोडत नाही. जुन्या कंपनीला लावला. चाळीस मिनिटं बासरी ऐकवल्यावर रंजिता नावाच्या मॅडम आल्या.

“नंबर ट्रान्सफरच्या अर्जावरची सही जुळत नाही. राघवेंद्रराव सरांना स्वतः यशवंतपूरच्या ऑफिसात यायला सांगा.”

“ते माझे आजोबा. ते नाहीत.”

“मग परत कधी येतील?”

“अकरा वर्षं झाली मॅडम. वारले ते.”

“अय्यो. मग आम्हाला कळवलं का नाही?”

बावीस घरांच्या मरणाच्या बातम्या पोचवणारे आम्ही, आमचे अण्णा गेल्याचं टेलिफोन कंपनीला सांगायचं राहूनच गेलं होतं!

“आता अप्पांच्या नावावर करून द्या ना.”

“ट्रान्सफरचा अर्ज चालू असताना नाव बदलता येत नाही.”

“मग अर्ज रद्द करा.”

“तो ज्यांच्या नावावर कनेक्शन आहे, त्यांनीच करायचा.”

म्हणजे अण्णांनी. उरला एकच रस्ता. मृत्यूचा दाखला द्यायचा, कनेक्शन बंद करायचं. नंबर गेला तो गेला.

संध्याकाळी मी सगळं सांगितलं. आईनं अप्पांकडे नुसतं पाहिलं.

“सेल्समन म्हणाला, नाव तेच ठेवा, खाली सही ठोका. ठोकली,” अप्पा म्हणाले.

“अहो, पण अकरा वर्षांत एकदा नाव बदलायला काय झालं होतं?”

अप्पा वायरचं भेंडोळं बोटांनी सोडवत बसले. “दर महिन्याला त्यांच्या नावानं एक कागद यायचा घरी. दुसरं काय येतं आता त्यांच्या नावानं?”

खरंच. आई आत जाऊन पाणी घेऊन आली.

पाणी पिऊन अप्पा म्हणाले, “अजून एक तक्रार टाकून बघू. तू उद्या घरीच थांब. स्वल्प धीर धर, पुट्टी.” पुट्टी म्हणजे कन्नडात छोटी; मनवायचं असलं की ते मला तसं म्हणतात.

तेव्हा मला लख्ख दिसलं. नंबर येईपर्यंत म्हणजे कायमचं. ते अजून एक तक्रार टाकतील, मग आणखी एक, आणि मी दहावी होऊन बारावी झाले तरी दहा ते सहा दार राखत बसेन.

मी उठून उभी राहिले. आवाज जरा चढलाच.

“अप्पा, आई, मी ठरवलंय. उद्या दोघांनी अर्धा दिवस रजा काढा. आपण यशवंतपूरला जाऊन अण्णांचा दाखला देणार आणि ते कनेक्शन बंद करणार. फायबरवाले नव्या लाइनवर दुसरा नंबर देतील, तो घ्यायचा. दुपारी सगळ्या घरांना नवा नंबर मी सांगेन, एकेकाला फोन करून. आणि सोमवारी सकाळच्या बसनं मी हासनला जाणार. माणूस आला आणि कुलूप दिसलं, तर दिसू दे.”