सत्तरला सातानं भागून

कागलच्या लिंगायत रुद्रभूमीत शाळेतल्या प्रभुलिंग गुरुजींना बसवलं, त्याला चार वर्षं झाली. मांडी घातलेली, तळहातावर इष्टलिंग, वर माती. त्यांच्या डाव्या अंगाची जागा बायकोच्या, शिवगंगाक्कांच्या नावानं राखलेली. दर सोमवारी आक्का दोन्हीकडचं गवत काढायच्या. नवऱ्याचं आणि स्वतःचंही.

१९९६च्या मार्गशीर्षात समाजाची बैठक बसली. रुद्रभूमीची रस्त्याकडची बाजू दुकानगाळ्यांना द्यायची, असा अध्यक्ष पंचाक्षरीअण्णांचा बेत.

"साठ वर्षांत निम्मी जागा भरली. उरलेली निम्मी अजून साठ वर्षं पुरंल की!"

"अण्णा, नोंदवही बघू जरा," दाराशी बसलेल्या आक्का म्हणाल्या.

"शाळा काढताय व्हय आक्का?"

"गुरुजी गेले, पट्टी हितंच ठिवून गेले."

सगळे हसले. आक्कांनी वही उघडली. गेल्या वर्षी त्रेचाळीस माणसं मातीत गेली, यंदा शेहेचाळीस. शंभराला साताची वाढ. गुरुजी चुलीपुढं बसून सांगायचे, वाढ एकाच गतीनं चालली असंल तर सत्तरला त्या टक्क्यानं भागायचं. दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते निघतं. सत्तरला सातानं भागून दहा. आक्कांनी दहा वर्षांमागचं पान काढलं. तेवीस. हिशेब बरोबर आला.

"कारखाने आले, गाव वाढलं, तशी मरणं बी वाढली. दर धा वर्षांनी आकडा दुप्पट हुतोय, अशा वाढीत मागच्या सगळ्यांची बेरीज पुढच्या धा वर्षांतच भरती. साठ वर्षांत जेवढी माणसं हितं बसली, तेवढीच येत्या धा वर्षांत बसतील. जागा धा वर्षांची हाय अण्णा, साठ न्हाय."

पंचाक्षरीअण्णांनी वही ओढून घेतली, अंगठ्याला थुंकी लावत आणखी दहा वर्षं मागं गेले.

"बारा," ते हळूच म्हणाले. "गाळं रद्द. पर आक्का, मग राखीव जागा बी ठेवता येणार न्हाईत. जो जाईल त्यानं ओळीनं बसायचं. तुमची बी जागा..."

आक्कांना ते तेवीसच्या पानावरच कळलं होतं.

"पेन द्या हिकडं."

वहीतल्या आपल्या नावावर त्यांनी स्वतःच रेघ ओढली. पट्टीशिवाय ओढली, तरी सरळ आली.

माघात त्या जागी बाळाबाई बसली. कारखान्यातल्या कुणा कामगाराची आई, निपाणीकडची. सोमवारी आक्का गेल्या. गुरुजींचं गवत काढलं. शेजारच्या ओल्या मातीवर काढायला गवतच नव्हतं. हात तसाच राहिला. मग दोन्हीकडं एकेक बेलाचं पान ठेवलं.

"बाई," त्या नव्या मातीला म्हणाल्या, "ते कोडी घालत्यात. उत्तर आलं तरी लगेच सांगू नगासा. जरा थांबलं की त्यांना बरं वाटतंय."