शेवटच्या रांगेतला मान

लग्नाच्या हॉलात शिरलं की अप्पाराव त्रिभुवन तडक शेवटची रांग गाठायचे. पुढं सोफे मोकळे पडलेले असले तरी नाय. पाण्याच्या जारांजवळ, जिथं लोक वापरलेले ग्लास टाकतात, तिथली खुर्ची त्यांची. वाळूजच्या कंपनीतून रिटायर झालेला फिटर, छावणीतल्या चर्चचा जुना पंच, संडेस्कूलच्या पोरांना बायबलातले दाखले शिकवून शिकवून घसा बसलेला माणूस. प्रभूचं एक सांगणं त्यांनी फार मनावर घेतलं होतं: मेजवानीला गेलास तर खालच्या जागी बस, म्हणजे घरधनी स्वतः येऊन तुला वर नेईल. आता खरं बोलायचं तर, पहिल्या अर्ध्यापेक्षा दुसऱ्या अर्ध्यावर त्यांचा जीव जास्त होता.

अन् नेणारे न्यायचे की! घरधनी धावत यायचा. "मामा, इथं कुठं बसलात? लाज आणता का आम्हाला?" म्हणत हाताला धरायचा. अप्पाराव "असू दे रे, असू दे" करत खुर्चीला जरा चिकटून राहायचे, मग उठायचे. सगळ्या हॉलातून, सगळ्यांच्या देखत चालत जायचे. सोफ्यावर बसायचे, खांद्यावर शाल पडायची, जेवणाची प्रार्थना त्यांनाच सांगितली जायची. मानाचा भुकेला माणूस, पण भूक झाकायची रीत मोठी देखणी होती.

आज बजाजनगरात सांडू पगारेच्या मोनिकाचं लग्न होतं. आशाबाई गेल्यानंतरचं अप्पारावांचं हे पहिलंच लग्न. उन्हाळ्यात काविळीचं निमित्त झालं अन् बायको हातातून निसटली. तेव्हापासून घर खायला उठायचं. दिवसदिवस कुणी हाक मारत नव्हतं. कधी कधी स्वतःचाच आवाज ऐकायला ते भांड्यांशी बोलायचे. निदान आज तरी कुणी हाताला धरील, चार माणसांत नाव घेईल, एवढ्या आशेवर त्यांनी स्वतःच शर्टाला इस्त्री केली होती. कॉलर तेवढी चुरगळलेलीच राहिली.

समोर कडुबा भालेराव, तो प्लॉटिंगवाला, आल्या आल्या मधल्या सोफ्यावर ऐसपैस बसला. "बस बाबा, बस," अप्पाराव मनात म्हणाले. "आत्ता उठवतील तुला."

कुणी उठवलं नाय. सांडू आला, त्यानं कडुबालाच शाल घातली, माइक त्याच्याच हातात दिला. कडुबानं डोळे मिटून प्रार्थना म्हटली. छोटीशीच म्हटली, अन् बरी म्हटली, हे तर जास्तच झोंबलं. पंगत बसली. अप्पारावांच्या समोरून वरणाच्या बादल्या जाऊ लागल्या. भरजरी साडीतली एक बाई जवळ येऊन म्हणाली, "अहो, हा जार रिकामा झालाय. दुसरा लावा ना."

अप्पाराव उठले. का उठले ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी जार बदलला, बाईला ग्लास भरून दिला अन् परत येऊन बसले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

"देवा, बघतोयस ना?" ते मनात भांडू लागले. "खाली बसलेल्याला वर नेतो म्हणालास. मग हे काय?"

असं मागं एकदाच झालं होतं, पाचोडला, भाच्याच्या लग्नात. कुणी बोलावलंच नाही. मान सांगावा जनाला अन् अपमान सांगावा मनाला म्हणतात, पण अप्पारावांनी तो घरभर सांगितला. भिंतीकडं तोंड करून पडले, ताट परत धाडलं. आशाबाई उशाशी बसून नुसतं "घास तरी खा" म्हणत राहिली. पण त्यानंतर देवानं चूक दुरुस्त केली. पुढच्या प्रत्येक लग्नात त्यांचा हात धरायला कुणी ना कुणी आलंच. याला न्याय म्हणतात, असं ते संडेस्कूलच्या पोरांना सांगायचे. वरचा डोळे मिटून बसलेला नसतो.

पहिली पंगत उठली तेव्हा सांडूची बायको सुलेखा पाणी प्यायला मागं आली. पोरगी वाटेला लावायची म्हणून रडून तिचे डोळे सुजलेले.

"अगं बाई! मामा? कवा आलात? अन् हितं? मला कुणी सांगितलंच नाय!"

"सांगायला कशाला पाहिजे? मी काय दिसत नाय का?" अप्पारावांचा आवाज कडू झाला.

"तसं नव्हं, मामा." सुलेखा ओशाळली. "दर बारीला मामी सांगायच्या ना. हॉलात पाय टाकला की आधी आत यायच्या, जिच्या घरचं लग्न तिला गाठायच्या. म्हणायच्या, 'आमचे हे मागं बसलेत. हाताला धरून वर न्या, प्रार्थना सांगा, नायतर घरी जाऊन उपाशी निजतात. पण मी सांगितलं म्हणू नका.' आता त्याच नाहीत म्हणून बोलले. आमच्या ध्यानातनंच गेलं बघा. लई चुकलं."

अप्पारावांनी मनात एकेक लग्न आठवून बघितलं. म्हणजे पाचोडनंतर जो देव न्याय करत होता, तो डोक्यावर पदर घेऊन चुलीमागं परक्या बायांपुढं हात जोडत फिरत होता! अन् आपण ते बोलावणं वरून आलं समजून छाती काढून चालत होतो. त्यांना इतकी लाज वाटली की तोंड कुठं लपवावं ते कळेना.

"चला, मामा," सुलेखानं त्यांचा हात धरला. "वर चला. दुसऱ्या पंगतीची प्रार्थना तुम्हीच म्हणा."

दिवसभर ज्या शब्दांची वाट बघितली ते हेच. अप्पाराव उठले, पण पाऊल उचलेना.

"सुलेखा, अन् ती कुठं बसायची गं?"

"कोण, मामी?" सुलेखा विचारात पडली. तिनं मागं भटारखान्याच्या दारात पुऱ्या लाटणाऱ्या सरूबाईला हाक मारून विचारलं. बजाजनगरातल्या सगळ्या लग्नांचं रांधप सरूबाईकडंच असायचं.

सरूबाईनं लाटणं थांबवलं. "आशाबाई व्हय? त्यांना मी बसलेलं कवाच नाय बघितलं. शेवटाला हितंच उभ्या उभ्या काय उरलं ते खायच्या."

सुलेखानं त्यांना पुढं नेलं. दुसरी पंगत बसली होती. सांडूनं माइक दिला, सगळ्यांनी माना खाली घालून डोळे मिटले. त्या जागेवरून सगळा हॉल दिसत होता. बायकांची बाजू, भटारखान्याचं दार, दारातली ये-जा, सगळं. इतकी वर्षं ते याच जागी उभे राहून देवाचे आभार मानत आले होते. तिला शोधायला त्यांनी एकदाही डोळे उघडले नव्हते.

आज उघडे होते. अप्पाराव माइक धरून तसेच उभे राहिले. लोक थांबले, थांबले, अन् शेवटी कुणीतरी हळूच "आमेन" म्हटलं अन् जेवायला लागले.