डबल बेल

दादाचा हुकूम होता, की या प्रवासात बाबांवर नजर ठेवायची. वाटेत एक जरी मोठी चूक झाली, तरी गाडीच्या किल्ल्या मी काढून घ्यायच्या आणि परत द्यायच्या नाहीत. दादा समुद्रापलीकडे बसून हुकूम सोडतो आणि अंमलबजावणी माझ्या गळ्यात पडते. लहानपणापासून हे असंच चालत आलंय आणि मीही कुरकुरत का होईना, ते करतेच.

बाबांनी तेहतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली. आई त्याच बसवर कंडक्टर होती. आता बाबा एकाहत्तरचे आहेत. गेल्या काही महिन्यांत दोनदा ते बाजारात गाडी कुठे लावली तेच विसरले, आणि एकदा शेजाऱ्यांचं नाव त्यांना काही केल्या आठवेना. डॉक्टरांनी तपासून वयाप्रमाणे ठीक आहे म्हणून सांगितलं. दादाला ते पटलं नाही. मला पटलं होतं का, हे मलाही धड सांगता आलं नसतं. पण स्टिअरिंग सुटल्यावर जे बाबा उरतील ते मला बघवणार नाहीत, एवढं नक्की ठाऊक होतं.

मावशीकडे जायचा रस्ता दोन दिवसांचा. वाटेत राष्ट्रीय उद्यानाचं फाटक लागतं. तिथे त्यांची बस रोज दहा मिनिटं थांबायची. तेहतीस वर्षं आईनं ते फाटक बाहेरून पाहिलं, आत एकदाही पाऊल टाकलं नाही. या वेळी तिनं घरातून निघतानाच बजावलं होतं, की त्या फाटकापाशी पोहोचलो की पुढचा अर्धा दिवस माझा.

सकाळी सातला पोहोचलो. फाटकावरच्या वनरक्षकानं नियम ऐकवले. रस्ता गोल आणि एकेरी, सोळा किलोमीटरचा. वेग वीसच्या वर न्यायचा नाही, मध्येच गाडी वळवायची नाही. उतरायचं ते फक्त सहा किलोमीटरवरच्या तळ्यापाशी, कारण तिथे मचाण आहे आणि पहाऱ्याला माणूस आहे. बाराला फाटक बंद. बाबा प्रत्येक नियमाला मान डोलावत होते. इतके खूश ते माझ्या लग्नातही दिसले नव्हते.

आत शिरल्यावर मात्र त्यांची जुनी खोड वर आली. ते जंगल बघायला आलेच नव्हते, वेळापत्रक पाळायला आले होते. हरणं दिसली, दोन मिनिटं. घरटं दिसलं, अर्धं मिनिट. आई मागच्या सीटवर काचेला नाक लावून बसली होती, आणि तिचं पुरतं बघून व्हायच्या आत गाडी पुढे सरकायची. मी दोनदा टोकलं. ते म्हणाले, अजून बराच पल्ला आहे. पल्ला कसला, सोळा किलोमीटर.

तळ्यापाशी दहा मिनिटांचा थांबा जाहीर झाला. आई पाण्याच्या काठाला उभी राहिली ती राहिलीच. दहाव्या मिनिटाला हॉर्न वाजला. ती मुकाट्यानं वळली आणि थर्मास, घडीची खुर्ची घेऊन डिकीकडे गेली. सामान आत-बाहेर करणं खरं तर माझं काम, पण मी पुढच्या सीटवर बसून दादाला अहवाल लिहीत होते. 'आतापर्यंत सगळं ठीक. उगाच काळजी करतोस.' रेंज नव्हती, त्यामुळे निरोप फोनमध्येच अडकून पडला. मी त्याच्याशी झटापट करत असताना मागे पत्र्याचा आवाज झाला आणि गाडी सुटली.

तीन किलोमीटर गेल्यावर बाबांनी मोठ्यानं विचारलं, "काय कंडक्टर, पाय आखडले का?" नोकरीतली सवय आहे ती. ते तिला कंडक्टर म्हणतात, ती त्यांना ड्रायव्हर.

मागून उत्तर आलं नाही. मी वळून पाहिलं. सीटवर आईची पर्स होती, पर्समध्ये तिचा फोन होता, शेजारी शाल होती. आई नव्हती.

लाज वाटते सांगायला, पण माझ्या मनात आधी आई आली नाही. आधी आलं ते, झालं, बाबा नापास. आई त्यानंतर.

बाबांनी गाडी हळूच बाजूला घेतली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी म्हटलं, वळवा. ते म्हणाले, एकेरी आहे. मी चिडून विचारलं, इथे बघायला कोण बसलंय. त्यांनी पुढच्या वळणाकडे बोट दाखवलं. अशाच वळणांवरून आपण आलो, तिथून कुणी येत असेल तर त्याला समोर आपण असू हे कोण सांगणार, म्हणाले. आणि त्यांनी गाडी पुढे काढली. सात किलोमीटर फाटकापर्यंत, तिथून पुन्हा सहा तळ्यापर्यंत. वेग वीस.

मी आतल्या आत धुमसत होते. माझा पाय नसलेल्या ॲक्सिलरेटरवर दाबला जात होता. एका उतारावर बाबांनी अचानक गाडी थांबवून इंजिन बंद केलं. मला काहीच दिसत नव्हतं. थोड्या वेळानं गवत हललं आणि रानडुकराची मादी रस्त्यावर आली, मागे पिल्लांची रांग. सहा पिल्लं पलीकडे गेली. मी म्हटलं, चला आता. ते जागचे हलले नाहीत. म्हणाले, अजून एक आहे. खरंच, धडपडत सातवं आलं. ते झुडपात शिरल्यावरच त्यांनी किल्ली फिरवली. तेव्हा मात्र माझा राग कुठल्या कुठे गेला.

"दादाला कळवलंस?" त्यांनी समोर बघतच विचारलं.

मी फोन मांडीवर पालथा घातला.

"परीक्षा चाललीय ते घरातून निघालो तेव्हाच कळलं होतं मला. एरवी तू माझ्या शेजारी बसून कधी जागी राहतेस? किल्ल्या देईन मी. वाद घालणार नाही. फक्त तिला घेईपर्यंत चालवू दे."

माझे डोळे भरून आले. मी त्यांना उगाच पाण्याची बाटली दिली.

फाटकावर वनरक्षक वाटच बघत होता. तळ्यावरून वायरलेसवर निरोप आला होता. बाई सुखरूप आहेत. आणि बाईंनी स्वतः सांगितलंय, ड्रायव्हरला घाई करू नका म्हणावं, गाडी येणार हे मला माहीत आहे.

पोहोचलो तेव्हा बाई मचाणावर होत्या. पहाऱ्यावरच्या माणसाची दुर्बीण डोळ्यांना लावून. आम्हाला बघूनही तिनं ती खाली केली नाही. वरूनच सांगितलं, की पलीकडच्या काठाला पाणमांजरं आहेत, चार, आणि तुमच्या दहा मिनिटांत ती बाहेर यायला तयार नव्हती.

बाबा खाली उभे होते. "मी तुला सोडून गेलो," ते म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. "मला कळलंसुद्धा नाही."

तेव्हा आई खाली उतरली. डिकीचं झाकण लागत नव्हतं, तिनं सांगितलं, म्हणून तिनं त्यावर तळहातानं दोन थापा मारल्या. दुसरी थाप पडली आणि गाडी सुटली. तिनं हाकसुद्धा मारली नाही, कारण चूक आपलीच, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं. एक बेल थांबा, डबल बेल चला. तेहतीस वर्षं तिनं दोन वाजवल्या आणि त्यांनी गाडी सोडली.

"मी मागे बघायला हवं होतं," बाबा म्हणाले.

"मागचं मी बघायची. तुम्ही कधी बघितलंय?" मग ती माझ्याकडे वळली. "दादाला लिहिणारच आहेस, तर नीट लिही. माणूस विसरला असता ना, तर दोन थापांना गाडी जागची हलली नसती."

त्यानंतर आम्ही दीड तास तिथे होतो. बाबांनी घड्याळ पाहिलं नाही असं नाही, पण हॉर्नला हात लावला नाही. पाणमांजरं त्यांना दिसेनात, तेव्हा आईनं त्यांचं डोकं धरून योग्य दिशेला वळवलं. ती दिसली तेव्हा ते हसले, आणि पुन्हा मोजायला लागले.

निघताना डिकी मी लावली, जोर देऊन, आवाज न करता. दादाला लिहिलेला निरोप अजून फोनमध्येच होता. मी तो वाचला आणि खाली लिहिलं, 'एक चूक झाली, आम्हा तिघांची. घरी पोहोचल्यावर सांगते. किल्ल्या त्यांच्याकडेच राहतील.'

बाबांनी आतला आरसा हलवला, हलवला, आईचा चेहरा त्यात येईपर्यंत हलवला. मग इंजिन सुरू केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. आई खिडकीबाहेर बघत होती. दोघं कशासाठी थांबलीत हे माझ्या जरा उशिरानंच लक्षात आलं.

मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. बाबांनी आधी आरशात पाहिलं, मग गाडी सोडली.