निर्मळमावशीची निळी पट्टी

"योनीमार्ग आतून धुवायचा नाही हं. आणि जावेला तपासणीला आणा. अवेळी रक्त जातंय, हे अंगावर काढू नका," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. लेकराला लस टोचायला आलेल्या धाकटीने मान हलवली आणि जिना उतरेपर्यंत विसरूनही गेली.

उलट ती थोरल्या जावेला घेऊन गेली शिंप्याच्या दुकानावरच्या, निर्मळमावशीच्या खोलीत. तिथे बायकांची ही झुंबड! पडद्याआड जायचं, कापसाचा बोळा आतून फिरवायचा आणि मावशीच्या निळ्या पट्टीवर टेकवायचा. पट्टी झाली गुलाबी, की मावशी कडाडायची, "विष! जन्माचं साचलेलं विष!" मग बायकांनी मावशीची पांढरी पूड पाण्यात कालवून आतून धुवायचं. पुढच्या खेपेला पट्टी निळीच. टाळ्या!

धाकटीची पट्टी गुलाबी झाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोरलीची मात्र पहिल्याच फटक्यात निळी! मावशीने हात जोडले. "या माउलीला डॉक्टर कशाला?"

"ऐकलंस?" लॉन्ड्रीत कपडे धुणारी थोरली खुशीत म्हणाली. "सोड्यात हात घालून जन्म गेला माझा. डाग कसा राहील?"

आठवडाभर पूड वापरून धाकटीची आग आग होत होती. अशात लेकराने तिच्या पिशवीतली, मावशीने दिलेली कोरी पट्टी दह्याच्या वाटीत बुचकळली. गुलाबी!

"दह्यानं कुणाचं काय घोडं मारलंय?" धाकटी पुटपुटली. तिने दुसऱ्या पट्टीवर लिंबू पिळलं. गुलाबी. पूड टाकली. पुन्हा निळी. जांभळ्या कोबीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद आणि खाण्याचा सोडा! शाळेतला प्रयोग. पदवीधर धाकटी तशीच उठून दवाखान्यात गेली.

"आत चांगले जंतू असतात, दह्यातल्यांचेच भाऊबंद," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "ते आंबटपणा राखतात, तीच आपली राखण. तुमची गुलाबी पट्टी निरोगीपणाची होती, सोड्याने ती राखण पळवलीत."

"आणि ताईंची निळी?"

"आंबटपणा उतरलाय. रक्ताने उतरतो, चांगले जंतू घटले तरी उतरतो. ते घटले की गर्भाशयाच्या तोंडाला त्रास देणारा विषाणू जास्त रेंगाळतो, असं दिसतं. कॅन्सर आहे असं मी म्हणत नाही. पण पट्टीने ते कळतच नाही, तपासणीनेच कळतं."

धाकटी धावत लॉन्ड्रीत गेली. वाफेत उभ्या थोरलीपुढे दही, लिंबू, पट्ट्या मांडल्या.

थोरलीने गुलाबी कागद उचलून पाहिला. "म्हणजे मावशी आजाऱ्याला पास करते आणि धडधाकटाला नापास?"

"हो ताई. आणि तुम्हाला तिथे मी नेलं."

"रडू नकोस. चल, ओले हात तरी पुसू दे."

थोरलीच्या तपासणीत गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी बदललेल्या निघाल्या. वेळेत सापडल्या, उपचार होतील, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. धाकटीला मात्र त्या निळ्या पट्टीवर आपणच वाजवलेल्या टाळ्या ऐकू येतात.

पट्टी विष सांगत नाही, आंबट सांगते. म्हणून धाकटीचं तुम्हाला एकच मागणं आहे. तुमच्या घरातही कुणी जाऊ, आई, मावशी "मला काय धाड भरलीय" म्हणत असेल. आज तिच्याजवळ बसा आणि विचारा, "गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी शेवटची कधी केलीस गं?"