काळा राहिलेला मासा

गणपतीने दूध प्यायलं त्याला जेमतेम वर्ष झालं होतं आणि बेंगळुरातल्या लोकांना नवा चमत्कार सापडला होता. यशवंतपूरच्या घाऊक बाजारामागच्या शेडमध्ये दर रविवारी मुंगीला शिरायला जागा नसे. प्रत्येकाच्या हातात स्टीलचा डबा, डब्यात पाणी, पाण्यात मासा. मीनस्वामी म्हणवणारे बाबा झाकण उघडून आत डोकावत आणि आरोळी ठोकत, "बंगार आयतु! सोनं झालं!" मग सगळी शेड टाळ्यांनी दणाणून जाई.

डबा आणणाऱ्याने आदल्या खेपेला इथूनच काळपट मासा नेलेला असे. तो मंडलभर, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, देवघरात ठेवायचा. घर शुद्ध असेल तर मासा सोनेरी होणार, नाहीतर काळाच राहणार. "बाजारातलं सोनं चोर नेतो, भक्ता," स्वामी सांगत. "मनातलं सोनं मासा दाखवतो. बाजारातलं इथे ठेव, मनातलं घरी ने!" आणि शिकलेसवरलेले लोक मुकाट्याने बोटातल्या अंगठ्या काढत.

जयनगरच्या भागीरथीबाईंचा मासा काळाच राहिला.

त्यांना इथे आणलं होतं त्यांच्या पाठच्या भावाने, व्यंकोजीने. मुलाच्या लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता, म्हणून. स्वामींनी डब्यात पाहिलं आणि भुवया चढवल्या.

"घरात बाहेरून आलेलं कोण?"

"सून," बाई पुटपुटल्या. रूपश्री शेजारीच उभी होती.

"पाप तिच्या पावलाने आलं!" स्वामी गरजले. सगळ्या माना वळल्या.

"आत्याबाई, मी काय केलं हो?" रूपश्रीने विचारलं. बाई डब्यातल्या माशाकडेच बघत राहिल्या. तिचा नवरा पवनकुमार आईपुढे कधी बोलत नसे. दुसऱ्या दिवशी रूपश्रीला हुबळीला माहेरी धाडलं. तिची पेटी व्यंकोजीनेच बसपर्यंत उचलून नेली. "स्वल्प दिवसांचा प्रश्न, अक्का. मासा पालटला की आणू परत," असंही वर म्हणाला.

दुसरं मंडल सरलं. सून हुबळीला होती आणि मासा देवघरात काळाच्या काळा. बाईंना अन्न गोड लागेना. शेवटी शेजारच्या स्मृतीला त्यांनी डबा दाखवला. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची.

"पाप तर गेलं ना घरातून?" स्मृतीने विचारलं. "मग हा आता कुणाच्या जाण्याची वाट बघतोय? चला मावशी, उद्या देवनहळ्ळीला जाऊ, तिथे असे मासे वाढवतात."

देवनहळ्ळीच्या एका शेतात सिमेंटच्या टाक्या होत्या. पहिल्या टाकीत शेकडो पिल्लं, सगळी काळपट. दुसरीत निम्मी पिवळी पडू लागलेली. तिसरीत झळझळीत सोनेरी, मधूनमधून एखादा काळा.

"सगळी एकाच जातीची, मावशी. गोल्डफिश," स्मृती म्हणाली. "यांचे पूर्वज चीनच्या तळ्यांतले साधे करडे मासे. हजारेक वर्षांपूर्वी त्यांच्यात क्वचित एखादा सोनेरी निपजायचा. लोकांनी तो वेगळा पाळला, सोनेरी नराशी सोनेरी मादी ठेवली, पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं. पण पिल्लू आजही त्या जुन्या रंगातच जन्मतं. दोन-चार महिन्यांत वरचा काळा रंग विरतो आणि खालचा सोनेरी दिसू लागतो. काहींच्या बीजातच तो विरण्याचा गुण नसतो. ती जन्मभर काळी."

"आणि अठ्ठेचाळीस दिवस?"

"रंग पालटायच्या बेताला आलेलं पिल्लू हातात दिलं की मंडल पुरतं."

चौथ्या टाकीपाशी धोतर खोचून एक माणूस जाळीने काळे मासे निवडत होता. त्याने मान वर केली. बहिणीला नारळाचा व्यापार करतो म्हणून सांगणारा व्यंकोजी!

बाई टाकीच्या कडेशी गेल्या. "तुला ठाऊक होतं?"

"अक्का, कुठला पालटेल ते मलाही सांगता येत नाही. तुझ्या नशिबी काळा आला."

"मग सगळेच सोनेरी होणारे का नाही देत?"

तो चिडला. "सगळेच झाले तर लोक म्हणतील, हा नुसता मासाच आहे! दहांतले दोन काळे राहतात म्हणून बाकीच्या आठांना आपली भक्ती खरी वाटते."

"रूपश्रीची पेटी उचललीस तेव्हाही ठाऊक होतं?"

व्यंकोजी जाळी झटकत राहिला. चाळीस वर्षं बाई त्याला दर भाऊबीजेला ओवाळत आल्या होत्या. परक्याने फसवलं असतं तर शिव्या देऊन मोकळ्या झाल्या असत्या. इथे त्यांना रडूही येईना.

त्या हुबळीला गेल्या, सगळं सांगितलं, हात जोडले. रूपश्रीने शांतपणे ऐकून घेतलं.

"मामांनी तुम्हाला फसवलं, आत्याबाई. पण मला कुणी फसवलं? मला तुम्ही ओळखत होतात. माशाला विचारलंत, मला विचारलं नाहीत. शंभर लोकांत मला पापी ठरवलंत, आता शंभर लोकांतच खरं सांगा. मग येण्याचं बघू."

पुढच्या रविवारी शेडमध्ये स्वामींनी एका बाईच्या डब्यात पाहून भुवया चढवल्या. तिच्यामागे तिची कोवळी सून उभी होती. भागीरथीबाई गर्दी सारत पुढे आल्या आणि आपला डबा स्वामींच्या पाटावर आदळला.

"हा मासा दोन मंडलं काळा आहे, आणि माझी सून निर्दोष आहे! ही पिल्लं देवनहळ्ळीच्या टाकीत वाढतात आणि ती टाकी माझा सख्खा भाऊ सांभाळतो. यांचा रंग यांच्या आईबापांकडून येतो, तुमच्या-माझ्या पापपुण्यातून येत नाही. खोटं वाटत असेल तर बाहेर मी बस आणून उभी केली आहे, चला, डोळ्यांनी बघा. पण माशाच्या रंगावरून घरातल्या माणसाला घालवू नका. मी घालवलं. त्या पोरीबद्दल काही विचारायचं असेल तर तिलाच विचारा!"

"नास्तिक!" स्वामी ओरडले. पण त्या मुलीच्या सासूने डब्याचं झाकण लावलं, सुनेचा हात धरला आणि ती बसकडे निघाली. तिच्यामागे आणखी वीसेक डबे निघाले. भागीरथीबाईंनीही पाटावरचा आपला डबा उचलला.

दाराशी रूपश्री उभी होती. बाईंचा निरोप मिळाला म्हणून सकाळच्याच गाडीने आली होती. तिने सासूच्या हातातून डबा घेतला आणि आत पाहिलं.

"याचं पाणी कधी बदललंत, आत्याबाई?"

बाईंना आठवेना. रूपश्री डबा घेऊन नळाकडे गेली.

त्या भाऊबीजेला भागीरथीबाईंनी ओवाळायचं ताट काढलं नाही.