रूळ वाजतोय

आमच्या वखारीत ओंडका करवतीवर चढवायचा तर आधी वहिनीची परवानगी लागते. बाहेर उन्हात ती ओंडक्याभोवती हातातलं धातू शोधायचं यंत्र फिरवते आणि ते गप्प राहिलं तरच दादाला होकार देते. झाडात कुणीतरी कधीतरी ठोकलेला खिळा खोडाच्या पोटात गडप होतो, वरून साल चढते आणि बघणाऱ्याला काही कळत नाही. अशाच एका खिळ्यावर करवतीचा दात तुटून उडाला आणि दादाचा डावा डोळा गेला. त्यानंतर वहिनीने हे यंत्र आणलं. मी त्याला पुंगी म्हणतो आणि त्यावरून रोज बोलणी खातो.

त्या दिवशी एक काका वादळात पडलेलं दारचं झाड घेऊन आले. त्यांना त्यातून एकच सलग फळी हवी होती, जेवणाच्या टेबलासाठी, सगळं घर एका वेळी बसेल एवढी.

"माझ्या हयातीत या झाडाला कुणी टाचणीसुद्धा टोचलेली नाही," त्यांनी छातीठोकपणे सांगितलं.

वहिनीने घड्याळ, कानातलं, केसांतल्या पिना सगळं काढून माझ्या हातात दिलं आणि कामाला लागली. या बाईचा हात चालताना बघावा. मी एकदा करून पाहिलं होतं; अर्ध्या ओंडक्यातच माझा धीर संपला. ती मात्र तान्ह्या बाळाला तेल लावावं तशी एकेक वीत पुढे सरकते, मध्येच मागे येते, पुन्हा तिथेच फिरवते. खोडाच्या मध्यावर यंत्र किरकिरलं.

"रूळ वाजतोय," मी म्हणालो. ओंडके आम्ही जुन्या लोखंडी रुळांवर ठेवतो, त्यामुळे हा घोळ नेहमीचाच.

"मग गवतावर घ्या, भावजी."

"अहो वहिनी, एवढं धूड?"

"घ्या म्हटलं ना."

चौघांनी पहारी लावून, घामाघूम होऊन ते गवतावर लोटलं. पुंगी तिथेही वाजली. वहिनीने खडूने फुली मारली आणि छिन्नी घेऊन बसली. दोन बोटं खोल गेली, काही नाही. तीन बोटं गेली, तरी नाही. प्रत्येक ढलपीगणिक काकांचा चेहरा उतरत होता.

"बाई, माझ्या फळीची वाट लावलीत!"

माझंही डोकं फिरलं. "बिघडलंय ते यंत्र. यांचं दुसरं झाड कुठून आणायचं आता?"

दादा सहसा मध्ये पडत नाही. पण काकांचा रडवेला चेहरा त्यालाही बघवेना. "राहू दे आता," तो म्हणाला. "चढवतो मी."

वहिनी उठली आणि सरळ ओंडक्यावर जाऊन बसली. "चढवा. माझ्यासकट चढवा."

एरवी मी हसलो असतो. पण ती फक्त दादाच्या उरलेल्या डोळ्याकडे बघत होती. दादाने छिन्नी उचलली आणि तिच्याच फुलीवर घाव घालायला लागला. चौथ्या बोटाला खण्ण आवाज झाला. आत अंगठ्याएवढा जाड, गंजलेला लोखंडी आकडा होता.

"पण माझ्या हयातीत तर..."

"झाड तुमच्या आधीपासून उभं होतं, काका," वहिनी म्हणाली.

तिनेच मग ओंडका कसा वळवायचा ते दाखवलं. भोक बाजूच्या तुकड्यात गेलं आणि फळी रुंदीला थोडी कमी, पण अखंड निघाली. काका या टोकापासून त्या टोकापर्यंत तिच्यावरून हात फिरवत राहिले. खरं सांगतो, एवढा अभिमान मला घरातल्या कुणाचा कधी वाटला नव्हता.

दादाने आकडा हातात धरून बराच वेळ बघितला. मग आम्हा सगळ्यांसमोर वहिनीला म्हणाला, "मी चढवतो म्हणालो आणि तू ऐकलं नाहीस. जन्मभर माझं असंच ऐकू नकोस."