उसातलं माप

निघोज्याच्या मारुतरावांनी एकदा आकडा सांगितला की वर टेप लावायची कुणाची छाती नव्हती. प्लॉटची हद्द असो, विहिरीचा घेर असो, नाहीतर पलीकडच्या बांधावरची म्हैस असो. ते डोळे बारीक करायचे, मिशीवरून बोट फिरवायचे आणि अंतर सांगून मोकळे व्हायचे. ही नजर त्यांना आजोबांकडून आली होती. आजोबा रंगराव म्हणजे नावाजलेले शिकारी. त्यांची ठासणीची बंदूक अजून देव्हाऱ्याशेजारी टांगलेली होती. चाप गंजला होता, तिच्यात दारू भरून पिढी उलटली होती, पण घराला नाव मात्र अजून शिकाऱ्यांचंच होतं. आणि त्या घराची एक जुनी रीत होती. रंगरावांनी मारलेलं रानडुक्कर दर सांगण्यागणिक बंदुकीपासून थोडं थोडं लांब जायचं.

अशा घरातली एकुलती एक लेक, तेजस्विनी, जनावरांची डॉक्टर झाली आणि बिबटे पकडून सोडणाऱ्या पथकात लागली. "शिकाऱ्याची पोर आन् बिबट्याला वाचवती!" असं चावडीवर कुणी म्हणालं की मारुतराव मिशीतल्या मिशीत हसायचे. बंदूक तर बंदूक, मग ती भुलीची का असेना, शेवटी घरातच राहिली ना!

त्या बंदुकीची एक अडचण होती. तेजस्विनीनं ती जेवताना सांगितली. "आबा, अंतर बघून दाब भरावा लागतो. दाब जास्त झाला तर सुई हाडात घुसते, जनावर जायबंदी होतं, कधी मरतंही. कमी पडला तर सुई वाटेतच पडते आणि चवताळलेला बिबट्या माणसांवर येतो."

"मग मला नेत जा की संगं. मी सांगतो अंतर," मारुतराव म्हणाले.

"दर वेळी तुम्हाला कुठून आणू? त्याला लेझरचं यंत्र मिळतं. पथकाचं एकच आहे, ते जास्त करून जुन्नरकडच्या गाडीत असतं. मी माझ्या पगारातून घेणार आहे. स्वस्तातलं, पण कामाचं."

यंत्र माझ्या नजरेची बरोबरी करणार, हे मारुतरावांच्या घशाखाली उतरलं नाही. पण पोरगी पहिल्या पगारातून वस्तू घेते आणि बाप बरोबर नाही, हेही त्यांना चालण्यासारखं नव्हतं. पांढरी टोपी घालून ते निघाले. बरोबर पुतण्या रणजीत होता. चाकणच्या एका कंपनीत तो मालाची तपासणी करायचा, त्यामुळे मोजमापातलं आपल्यालाच कळतं असा त्याचा समज होता.

चिंचवड स्टेशनजवळ निरंजनशेटचं मोजणीच्या उपकरणांचं दुकान आहे. बजेट ऐकून शेटनं दोन यंत्रं पुढं ठेवली. एक गोल्फ खेळणाऱ्यांचं, चकचकीत, स्वस्त. दुसरं ओबडधोबड, हिरवं, थोडं महाग. त्याच्या खोक्यावर हरणाचं चित्र होतं.

"हे परदेशात शिकारीला वापरतात," निरंजनशेट म्हणाले.

मारुतरावांनी लगेच ते उचललं. "हेच घ्यायचं."

"काका, चित्र बघून घेता का?" रणजीतनं गोल्फचं यंत्र डोळ्याला लावून समोरच्या बँकेच्या भिंतीवर रोखलं. आकडा झटकन आला. "हे बघा, एकदम करेक्ट. उगाच जास्तीचे पैसे कशाला?"

तेजस्विनी घुटमळली. तेव्हा मारुतरावांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली. "शेट, बिबट्या काय बँकेच्या भिंतीला टेकून बसत न्हाई. त्यो उसात बसतो. मी दोन्ही घरी नेतो, उसात बघतो आन् एक परत आणून देतो. तवर ही टोपी तुमच्याकडं." शेटला हसू आवरेना, पण त्यांनी यंत्रं दिली. टोपीसुद्धा परत दिली.

उसात बघायचं म्हणजे उसात बिबट्या हवा. तो कोण होणार? रणजीतनं आपले बूट नवे असल्याचं सांगितलं. शेवटी मारुतरावच घोंगडी पांघरून उसात शिरले. शिरताना ओरडून म्हणाले, "मी जिथं बसंन तिथपातुर बांधापासून पंचवीस मीटर. लिवून घ्या!"

पानं अंगाला कापत होती, मानेवरून मुंग्या चालल्या होत्या, आणि गावातला एवढा मानाचा माणूस बिबट्या होऊन उकिडवा बसला होता. बांधावरून आवाज येत होते. गोल्फचं यंत्र सहा म्हणे, मग सात, मग पुन्हा सहा. ते आपलं पुढच्या पानालाच धरून बसलं होतं. हिरव्याला तेजस्विनीनं बटण दाबून मागचं धरायला सांगितलं, तशी त्यानं मधली पानं सोडली आणि थेट घोंगडी गाठली.

"आबा, एकोणीस दाखवतंय!"

"एकोणीस? म्हंजी बिघडलंय!" उसातून उत्तर आलं.

रणजीतनं टेप लावली. एकोणीसच भरले. मारुतराव घोंगडी झटकत बाहेर आले आणि म्हणाले, "टेप ताणली न्हाईस नीट." मग टोपी घालून सरळ घराकडं चालू लागले.

पण दुसऱ्या दिवशी तेजस्विनीच्या आई, छबूबाई, कडबा आणायला गेल्या, तर मारुतराव एकटेच बांधावर होते. हातात बैलाचा कासरा. नजरेनं ठरवलेल्या अंतरावर ते कासरा अंथरत होते, उचलत होते, पुन्हा अंथरत होते. मग खाली बसले. उघड्या माळावर तयार झालेली नजर होती ती. आता चहूकडे कंपन्यांच्या भिंती आल्या होत्या, वय झालं होतं, डोळ्यांवर पडदा येत चालला होता. केव्हापासून चुकत होती कोण जाणे. इतकी वर्षं कुणी टेपच लावली नव्हती. त्यांना फार वाईट वाटलं. छबूबाईंनी ते पाहिलं आणि कडबा न घेताच त्या मागच्या मागे फिरल्या.

घरात मात्र मारुतरावांनी एवढंच सांगितलं, "हिरवं यंत्र ठेवा. गोल्फचं मी परत देऊन येतो."

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा मांडली. दरसाल पाटाच्या मधोमध रंगरावांची बंदूक असायची. कोयते, विळे, रणजीतचा मायक्रोमीटर सगळे कडेला. या वर्षी मारुतरावांनी बंदूक स्वतःच्या हातानं बाजूला सरकवली आणि हिरवं यंत्र मध्ये ठेवलं. छबूबाई बघतच राहिल्या. यंत्राला झेंडू वाहिला, आणि तेलात कालवलेल्या कुंकवाचा एक ठसठशीत टिळा अंगठ्यानं लावला. यंत्राच्या अंगाला नाही, अगदी पुढच्या काचेवर. "डोळ्याचं काम करतंय न्हवं, मग डोळ्यालाच मान," ते म्हणाले. तेजस्विनी तेव्हा ड्युटीवर होती.

दसऱ्याच्या सकाळी फोन आला. गावाच्या खालच्या अंगाला, कंपनीची भिंत आणि ऊस यांच्या बेचक्यात बिबट्या अडकला होता. तेजस्विनीनं पाटावरचं यंत्र पिशवीत टाकलं आणि गाडीत बसली. मारुतराव मागोमाग पोचले, तोवर जत्रा जमली होती. भिंतीवर शिफ्ट सुटलेली पोरं मोबाईल धरून बसलेली, रस्त्यावर गाव काठ्या घेऊन उभं. उसाच्या कडेला पानांआडून ठिपके दिसत होते. जनावर गुरगुरत होतं.

तेजस्विनी गुडघ्यावर बसली. यंत्र डोळ्याला लावलं. आकड्याच्या जागी नुसत्या रेघा. तिनं बटण पुन्हा दाबलं. पुन्हा रेघा.

"काय झालं, मॅडम?" भिंतीवरून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. गावातल्या ज्योतीरामनं काठी उंचावली. "अवं डॉक्टरीणबाई, ठेवा ते खेळणं! तुमचा बाप इथं उभा हाय. मारुतराव, सांगा वं किती हाय ते!"

सगळी तोंडं मारुतरावांकडं वळली. त्यांनी सवयीनं डोळे बारीक केले, बोट मिशीवर गेलं. चोवीस. आकडा जिभेवर तयार होता. लेकीनं वळून पाहिलं. त्या बघण्यात भीती होती. आणि त्याच क्षणी त्यांना यंत्राच्या काचेवर आपल्या अंगठ्याचा लालभडक ठसा दिसला.

मारुतरावांनी हात खाली घेतला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "माझी नजर आता खरी लागत न्हाई. माप चुकतंय माझं. आन् यंत्र बिघडलेलं न्हाई, त्याच्या डोळ्यावर कुकू मीच फासलंय. गप ऱ्हावा जरा. माझी पोरगी मोजंल."

हशा थांबला. ते वाकून पुढं गेले, धोतराचा मऊ सोगा बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि काच पुसली. तेल जाईना. पुन्हा पुसली, कोरड्या टोकानं हलक्या हातानं घासली. ज्यानं आयुष्यात कधी कुणाची माफी मागितली नव्हती, तो माणूस हळूच म्हणाला, "चुकलं, बाळा. घे, बघ आता."

"अठरा," तेजस्विनी म्हणाली. आता तिचा आवाज स्थिर होता. तिनं दाब भरला, श्वास धरला. फट् असा बारीक आवाज झाला. सुई मांडीच्या मांसात अचूक बसली. बिबट्या उसळला, दोन पावलं गेला, बसला, आणि हळूहळू त्याची मान खाली आली. चोवीसच्या दाबानं तीच सुई हाडात घुसली असती, हे त्या सगळ्या गर्दीत एकट्या मारुतरावांना ठाऊक होतं.

संध्याकाळी आपट्याचं सोनं द्यायला गाव लोटलं. मारुतराव ओटीवर पाय पसरून बसले होते. येईल त्याला सोनं देताना ते सांगत होते, "बरोब्बर अठरा मोजलं पोरीनं. मी मोजलं असतं तर चोवीस म्हणालो असतो!" स्वतःची चूक एवढ्या ऐटीत सांगणारा माणूस गावानं पहिल्यांदाच पाहिला. दिवेलागणीला आलेल्या पाहुण्यांना त्यांनी अठ्ठावीस सांगितले. जेवायच्या वेळेला ज्योतीराम आला, तोवर आकडा पस्तिसावर गेला होता.

छबूबाईंना राहवलं नाही. "अवं, मघाशी तर चोवीस व्हतं की तुमचं. दर वेळी वाढतंय कसं?"

"वाढू दे," मारुतराव म्हणाले, आणि आत झोपलेल्या लेकीकडं बघून त्यांनी आवाज खाली आणला. "पोरीचं अठरा हाय तिथंच हाय न्हवं?"